गाडी खाली करा, पण स्प्रिंग कापून नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर पोलीस आणि आरटीओच्या कारवाईच्या बातम्या आपल्या पेपरात सारख्या येतायत, त्यावरून लिहितोय. फटाके फोडणारे सायलेन्सर, डोळ्यावर येणारे लाइट, काळ्या काचा आणि खाली केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून जमिनीजवळ आणलेल्या गाड्या हे सगळं एकाच बातमीत एकाच फोटोखाली येतं. सायलेन्सरचं ठीक आहे, ते चौकातल्या प्रत्येकाला ऐकू येतं. पण खाली केलेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यातली कुठली नीट केलीय आणि कुठली जीव घेणारी आहे ते बाहेरून अजिबात कळत नाही, दोन्हींच्या टायर आणि मडगार्डमधे दोनच बोटं जातात. फरक आतमधे असतो. तो फरक आपल्या वाचकांपर्यंत जावा, विशेषतः ज्यांची पोरं आत्ता गाडी खाली करायच्या मागं लागलीयत त्यांच्यापर्यंत, म्हणून हे जरा लांबलचक पत्र.

मी उद्यमनगरात सस्पेन्शनचं काम करतो. ट्रॅकवर गाडी पळवणारी पोरं माझ्याकडं येतात, बहुतेकांकडं पोलो नाहीतर स्विफ्ट, एखाद्याकडं जुनी एस्टीम किंवा होंडा सिटी. कोल्हापूरला या खेळाचं वेड नवीन नाही, इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला-३ रेसिंगपर्यंत जाऊन पळून आलाय, आणि इथली पोरं कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून जातात. त्यांची हौस खरी आहे, पैसा घाम गाळून मिळवलेला आहे. म्हणूनच कुणीतरी दीड-दोन हजारात ग्राइंडरनं स्प्रिंगचे वेढे कापून देतो आणि सांगतो की झाली बघ तुझी ट्रॅक कार, तेव्हा माझं डोकं फिरतं.

आधी कापलेल्या स्प्रिंगचं बोलतो. लोकांना वाटतं वेढा कापला की स्प्रिंग फक्त आखूड होते. तसं नाहीये, स्प्रिंगचा कडकपणा उरलेल्या वेढ्यांच्या संख्येवर असतो, वेढे कमी झाले की ती त्याच प्रमाणात कडक होते. सहा काम करणारे वेढे असलेली स्प्रिंग समजा २ किलोला १ मिलिमीटर दबते. तिचे दीड वेढे कापले की उरले साडेचार, आणि ती आता साधारण २.६७ किलोला १ मिलिमीटर दबणार. म्हणजे एक तृतीयांशानं कडक झाली. पोरं म्हणतात मग चांगलंच की, ट्रॅकला कडकच पाहिजे. तर आता पुढचा हिशोब बघा.

ड्रायव्हर धरून ११०० किलोची हॅचबॅक घ्या, दोन्ही एक्सलमधलं अंतर २.४५ मीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५३ सेंटिमीटरवर. ट्रॅकच्या चांगल्या टायरवर जोरात ब्रेक दाबला, १ जी म्हणजे जेवढं टायर देऊ शकतं तेवढा, तर मागून पुढं जवळजवळ २४० किलो भार येतो, म्हणजे पुढच्या एका चाकावर १२० किलो जास्तीचे. कंपनीच्या स्प्रिंगवर पुढचा भाग ६० मिलिमीटर खाली बसला, आणि बंप स्टॉपला, म्हणजे चाल संपते तिथल्या रबराला टेकायच्या आधी तिच्याकडं समजा ८० मिलिमीटर जागा होती. म्हणजे २० शिल्लक. गाडी नाक खुपसते, दिसायला बरं दिसत नाही, पण सस्पेन्शन जिवंत आहे. आता तीच गाडी स्प्रिंग कापून ४५ मिलिमीटर खाली आणली. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळं चाकावर येणारा भार थोडा कमी झाला, धरा ११० किलो. पण जागा राहिली फक्त ३५ मिलिमीटर आणि कापलेल्या स्प्रिंगला पाहिजेत ४१. संपली की जागा. ब्रेक मारून वळणात शिरताना, म्हणजे नेमकं जिथं टायरनं रस्ता धरून ठेवायला पाहिजे तिथं, गाडी रबराच्या स्टॉपवर बसलेली असते आणि तिथून पुढं ती बैलगाडी झाली, स्प्रिंग नाही न् शॉकअप नाही. वळणात एखादा उंचवटा आला की पुढचं टायर उडतं, पकड एकदम जाते, गाडी सरळ बाहेर.

हे मी नुसतं कागदावर लिहीत नाहीये. अशा गाडीचा स्ट्रट, म्हणजे पुढचा स्प्रिंग-शॉकअपचा जोड, उघडला की बंप स्टॉपच्या जागी काय सापडतं तर पिवळट भुगा आणि दोन तुकडे, शॉकअपच्या रॉडवर तेलाचा काळा ओघळ, कारण सील रोज आपटून आपटून गेलंय. कापलेल्या स्प्रिंगचं टोक सीटवर, म्हणजे स्प्रिंग टेकते त्या वाटीत, नीट बसत नाही, कंपनीनं ते टोक सपाट किंवा सीटच्या आकाराचं बनवलेलं असतं आणि यांनी ग्राइंडरनं उघडं टोक ठेवलंय, ते टोक सीटच्या पत्र्यात घुसून तिथं चकचकीत खाच पाडतं. गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग हातानं गोल फिरते, एवढी सैल. हाच प्रकार ट्रॅकच्या कर्बवर, म्हणजे कडेच्या उंच पट्ट्यावर, चाक हवेत गेल्यावर होतो, स्प्रिंग जागा सोडते आणि परत येताना वाकडी बसते. मागच्या टॉर्शन बीमला, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला, तर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, तिथं ती पूर्ण निसटून पडू शकते. आणि ग्राइंडर परवडला म्हणायचं असा एक प्रकार अजून चालतो, गॅसनं स्प्रिंग तापवून दबवून आखूड करायची. पोलादाचं पाणी उतरलं की ती स्प्रिंग राहिलीच नाही, ती कधी बसेल किंवा कधी मोडेल याचा कुणालाच भरवसा देता येत नाही.

मग कडक स्प्रिंगचे कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट, टाकले की संपलं का? इथं आमच्या धंद्यातले जाणकारसुद्धा थांबतात, आणि माझ्या पत्राचा खरा मुद्दा इथून पुढं आहे.

६ किलोला १ मिलिमीटर दबणारी स्प्रिंग टाकली तर वरच्या हिशोबात गाडी १८ मिलिमीटरच बसते, स्टॉपला टेकत नाही, तो प्रश्न मिटला. पण आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असतो, खाली बॉडी आणि चाक जोडणारा एक लोअर आर्म आणि वर सरळ स्ट्रट. कंपनीतून गाडी येते तेव्हा लोअर आर्म बॉडीकडून चाकाकडं जाताना थोडा खाली उतरलेला असतो. त्या आर्मची रेघ आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमधून स्ट्रटला काटकोनात काढलेली रेघ जिथं मिळतात, तिथून टायरच्या जमिनीला टेकलेल्या बिंदूपर्यंत रेघ ओढा, ती गाडीच्या मध्यरेषेला जिथं छेदते तो रोल सेंटर. वळणात बॉडी त्याच्याभोवती कलते. आता गाडी खाली केली की आर्म आडवा होतो, अजून खाली केली की उलटा, चाकाकडं चढायला लागतो. रोल सेंटर मग गाडीपेक्षा कितीतरी वेगानं खाली पळतो. समजा आधी तो जमिनीपासून ८० मिलिमीटर वर होता आणि गुरुत्वमध्य ५३० वर, दोघांमधलं अंतर ४५०. गाडी ४५ नं खाली आली, गुरुत्वमध्य ४८५ वर आला, पण रोल सेंटर ९० नं खाली जाऊन जमिनीच्या १० मिलिमीटर खाली गेला. अंतर झालं ४९५. गाडीला कलवणारी तरफ वाढली! गाडी खाली केली आणि कलायची ताकद दहा टक्क्यांनी जास्त मिळाली. आतल्या टायरवरून बाहेरच्या टायरवर जाणारा एकूण भार मात्र आठ-साडेआठ टक्के कमी होतो, गुरुत्वमध्य खाली आल्याचा तो खरा फायदा आहे आणि तेवढ्यासाठीच ट्रॅकवाले गाडी खाली करतात, पण तो फायदा पदरात पाडायचा असेल तर रोल सेंटर परत वर आणायला लागतो, नाहीतर वाढलेला कल दाबायला स्प्रिंग अजून कडक, गाडीचा कल रोखणारा जाड अँटी-रोल बार, मग ती कडक स्प्रिंग खराब डांबरावर टायर उडवते, हे चक्र संपतच नाही.

कॅम्बरचं, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याचंही तेच. चाक वर जाताना त्याचा माथा आत झुकला पाहिजे म्हणजे गाडी कलली तरी टायर सपाट राहील. मॅकफर्सनमधे हे फक्त आर्म आणि स्ट्रट काटकोनात येईपर्यंत होतं, त्याच्या पुढं चाक अजून वर गेलं की माथा उलटा बाहेर पडायला लागतो. खाली केलेली गाडी आधीच त्या काटकोनाजवळ येऊन उभी असते. म्हणून ट्रॅकच्या गाडीला वर कॅम्बर प्लेट लावून उभ्या गाडीतच अडीच-तीन अंश आत झुकवून ठेवतात. त्यात दिखाऊपणा काही नाही. दिखाऊपणा म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला सात-आठ अंश झुकवून टायरच्या आतल्या कडेवर चालवणं, पावसात त्या गाडीचा ब्रेक कुठं लागणार ते देवच जाणे.

यावरचा खरा इलाज म्हणजे लोअर आर्मचा बाहेरचा टोक परत खाली आणणं. त्यासाठी लांब पिनचा बॉल जॉइंट मिळतो, काही गाड्यांना नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) खाली बसणारा स्पेसर मिळतो. आर्म परत मूळच्या उताराला येतो, रोल सेंटर वर येतो, कॅम्बरही सुधारतो. बसवायच्या आधी रिमच्या आत जागा आहे का बघायला लागतं, १४ इंची रिमला बऱ्याचदा पिन घासते, १५ किंवा १६ लागते. आणि इथंच आपल्या कोल्हापूरकरांना कळकळीनं एक सांगायचंय. आपल्याकडं लेथ गल्लोगल्ली, फाउंड्री शेजारी, मनात आलं की आपण करून मोकळे होतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण बॉल जॉइंटची पिन साध्या बारमधून टर्न करून घालू नका. ती फोर्ज केलेल्या अलॉय स्टीलची असते, तिला मोजून पाणी दिलेलं असतं, गळ्याजवळचा गोलावासुद्धा विचार करून ठेवलेला असतो. ती वळणात मोडली की चाक मडगार्डखाली आडवं होतं, स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. स्प्रिंगची सीट, कॅम्बर प्लेटची बॉडी, शिम (पातळ चकत्या) हे आपल्याकडं उत्तम बनतं, बनवाच. पिन नको.

आता यातली सगळ्यात कमी बघितली जाणारी गोष्ट, स्टिअरिंगचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा. लोअर आर्म वर-खाली होताना एका कंसात फिरतो, टाय रॉड त्याच्या शेजारी दुसऱ्या कंसात. कंपनीनं दोघांचे कंस जुळवलेले असतात म्हणून खड्ड्यात चाक वर गेलं तरी ते आपोआप वळत नाही. गाडी खाली केली की दोघं आपापल्या कंसाच्या वेगळ्याच भागात काम करायला लागतात. आणि नुसता लांब पिनचा बॉल जॉइंट टाकून आर्म खाली आणला न् टाय रॉड तसाच ठेवला तर जुळणी अजून बिघडते. मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, वळणात मधेच उंचवट्यावर स्वतःच टो, म्हणजे चाकाची डावी-उजवी दिशा, बदलते, ड्रायव्हर म्हणतो टायर बाद आहे, टायर बदलतो, परत तेच. म्हणून आर्मसोबत टाय रॉडचं टोकही खाली आणायला लागतं, त्याचं वेगळं किट येतं.

ते जुळलंय की नाही हे नुसतं चालवून कळत नाही, मोजायलाच लागतं. मोजायला महागडं मशीन लागत नाही. स्प्रिंग काढायची, स्ट्रट परत बसवायचा, स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाकायचं. हबला एक सपाट ताठ प्लेट बोल्टनं आवळायची आणि तिच्यासमोर एकमेकांपासून ३०० मिलिमीटर अंतरावर दोन डायल गेज (काट्याची मापकं) जमिनीला पक्क्या स्टँडवर लावायचे, एक पुढं एक मागं. हबखाली जॅक लावून चाक १० मिलिमीटरनं वर, दोन्ही गेज वाचायचे, वहीत लिहायचं, परत १० मिलिमीटर. दोन गेजमधला फरक बदलला नाही तर चाक वळत नाहीये. फरक वाढत गेला तर टाय रॉडखालचा स्पेसर बदलायचा, परत सुरुवातीपासून. अर्धा दिवस जातो एका बाजूला. गिऱ्हाईकाला समोर बसवून दाखवलं की कापलेल्या स्प्रिंगच्या गाडीत काटा कसा पळतो, परत तो पोरगा ग्राइंडरवाल्याकडं जात नाही.

शॉकअपबद्दल थोडक्यात. कडक स्प्रिंगला तेवढ्याच ताकदीचा रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना रोखायची शॉकअपची ताकद, लागते, जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही आणि गाडी उड्या मारत राहते. कॉइलओव्हर घेताना उंची खालच्या ब्रॅकेटमधून बदलणारा घ्या. नुसती स्प्रिंगची सीट खालीवर करून उंची बदलणाऱ्या सेटमधे गाडी जितकी खाली तितकी शॉकअपची चाल खर्ची पडते, पहिल्या प्रकारात बॉडीच आखूड होते आणि चाल तशीच राहते. शेवटी चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, ड्रायव्हर आत बसवून, तिरक्या जोड्यांचं वजन सारखं आणायचं, म्हणजे डावीकडच्या आणि उजवीकडच्या वळणात गाडी वेगळी वागत नाही. एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगची सीट दोन फेरे फिरवली तरी समोरच्या तिरक्या चाकाचं वजन बदलतं, ते डोळ्यानं दिसत नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परवानगीशिवाय फेरबदल करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझा त्याला विरोध नाही. १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब असा गतिरोधक असावा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं, आपल्या गल्लीतले गतिरोधक त्याच्या पाव लांबीत तेवढेच उंच असतात, तिथं खाली केलेली गाडी अडकणार, मागच्याला ब्रेक मारायला लावणार. रस्त्यावरच्या गाडीची उंची कंपनीनं ठेवलीय तीच ठेवा, हे मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि ज्याला रस्त्यावर मिरवण्यासाठी खाली करायचीय त्याचं काम मी घेत नाही. ट्रॅकची गाडी ट्रेलरवरून न्यावी. ट्रेलर महाग पडतो हे मला माहितीय, चार जणांनी मिळून एक घेतलाय अशी पोरं इथं आहेत.

पण साहेब, कारवाई करताना तपासणीत फरक करता येण्यासारखा आहे. रस्त्यात अडवलेल्या गाडीची उंची मोजून सोडून देण्यापेक्षा चाक वळवून आत टॉर्च मारला तर कापलेलं टोक दिसतं, गॅसचा निळा-जांभळा डाग दिसतो. असली गाडी तिथंच थांबवावी, दंड भरून तशीच पुढं जाऊ देऊ नये, कारण दंडानं स्प्रिंग परत लांब होत नाही. आणि कापून देणाऱ्यालाही विचारावं. आत्ता सगळा भुर्दंड गाडीमालकावर, कापणारा दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी घेतो. उलट जी गाडी ट्रेलरवर बांधून चाललीय, जिच्यात रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा) आहे, जी एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या परवान्याच्या स्पर्धेला निघालीय, तिला नाक्यावर तासन् तास अडवून ठेवण्यात काय साधतं? तिची चाकं सार्वजनिक रस्त्याला लागतच नाहीयेत.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. ऑटो शोच्या पानावर जमिनीला टेकलेल्या गाडीचा मोठा फोटो आणि खाली 'रेसिंग लूक' असं छापून येतं, आणि आठ दिवसांनी तशाच गाडीवर कारवाईची बातमी. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं पहिला फोटो कापून ठेवतं. त्या फोटोखाली दोन ओळी आत काय केलंय याच्या लिहा, कुठली स्प्रिंग, कुठला शॉकअप, भूमिती दुरुस्त केलीय का. मालकाला विचारलं की तो सांगतो, आणि सांगता आलं नाही तर तो फोटो छापू नका.

ज्यांनी गाडी आधीच खाली करून घेतलीय त्यांनी या रविवारी एवढं बघा. गाडी जॅकवर उचला, चारही स्प्रिंग हातानं फिरतात का बघा, बंप स्टॉप जागेवर आहे का, पुढच्या टायरच्या आतल्या कडेला तारा दिसायला लागल्यात का, आणि खाली उतरवल्यावर लोअर आर्म चाकाकडं चढतोय का उतरतोय. स्प्रिंग फिरत असेल तर गाडी बाहेर काढू नका, कंपनीची जुनी स्प्रिंग भंगारात गेली असली तरी तुमच्या मॉडेलची दुसरी बाजारात मिळते, ती आधी बसवून घ्या.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर